घरकुलात राहायला गेल्यावर किराणा महाग का पडतो, आणि त्यावर काय करता येतं

ताईंनी विचारलंय ते थोडक्यात असं, की आधी त्या सोलापुरात पूर्व भागात भाड्याने राहायच्या, आता कुंभारीला घरकुलात स्वतःचं घर मिळालंय, आई विड्या वळते, वडील पॉवरलूमवर जातात, आणि तिकडं गेल्यापासून किराण्याचा खर्च वाढलाय. जवळच्या दुकानात प्रत्येक वस्तू दोन-पाच रुपयांनी जास्त, शहरात जायचं म्हटलं तर रिक्षाला पैसे, मग महिन्यातून एकदा शहरातल्या मोठ्या मॉलला जाऊन सगळं भरलं तर परवडेल का.

ताई, मी पूर्व भागात सव्वीस वर्षं किराणा दुकान चालवलं, आता मुलगा बघतो, आणि गेली आठ-नऊ वर्षं मी बायकांच्या गटांना एकत्र माल भरायला मदत करतोय, त्यामुळे गल्ल्याच्या दोन्ही बाजूंनी हे बघितलंय. मॉलला गेलात तर थोडं वाचेल, नाही असं नाही, पण तुमच्या घरातला जास्तीचा पैसा जातोय तो दुकानदाराच्या दरात कमी आणि पुडीत जास्त.

पुडी म्हणजे काय ते आकड्यात बघा. हे आकडे नुसते समजायला धरलेत, तुमच्या दुकानातले टाकून बघा. समजा तूरडाळ १५० रुपये किलो आहे आणि शंभर ग्रॅमची पुडी १८ रुपयांना मिळते. १८ ऐकायला काहीच वाटत नाही, हातातल्या वीसच्या नोटेत बसतं, पण किलोला ते १८० झाले. महिन्याला चार किलो डाळ लागत असेल तर नुसत्या डाळीत १२० रुपये गेले. तेच तेलात, तेच साखरेत, तेच चहापत्तीत. आणि यात दुकानदार लुटतोय असं नसतं हो, पुडी बांधायला माणूस लागतो, प्लास्टिक लागतं, प्रत्येक पुडीत चार दाणे इकडं तिकडं होतात, मी स्वतः बांधल्यात म्हणून सांगतो. पण ज्याच्या हातात एकदम दोन-अडीच हजार नसतात त्यालाच हा भुर्दंड बसतो. स्वस्त माल मिळवायचा तर एकरकमी पैसा लागतो, आणि तो पैसाच आपल्या लोकांकडं एका वेळी नसतो, खरी अडचण ही आहे.

आपल्या गावात हे असं कायम नव्हतं. माझे वडील सांगायचे, जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या कापडाच्या मिल चालू होत्या तेव्हा पगाराची तारीख अख्ख्या पेठेला पाठ असायची. कामगाराचं दुकानात खातं असायचं, महिन्याची यादी एकदम जायची, गहू-ज्वारी पोत्यानं, तेल डब्यानं, आणि पगाराला वही बरोबर करायची. दुकानदारही निश्चिंत, कारण मिलचा पगार चुकणार नाही हे त्याला माहीत. मग एकेक मिल बंद पडत गेली, माणसं लूमवर गेली, टॉवेल-चादरीच्या कारखान्यात गेली, घरात बायका विड्या वळायला लागल्या, आणि पैसा महिन्याचा होता तो आठवड्याचा झाला, कुणाचा रोजचा झाला. माझ्या दुकानात मी हे डोळ्यांनी बघितलं, आधी पाच किलो नेणारं घर एक किलोवर आलं, मग पाव किलोवर, मग "काका, दहाचं तेल द्या" वर. घरातली तोंडं तेवढीच, खाणं तेवढंच, फक्त विकत घ्यायचा आकार लहान होत गेला आणि दर वाढत गेला.

आता तुमच्या घरकुलाचं. शेतकरी-कामगारांच्या पुढारी गोदूताई परुळेकर, त्यांच्या नावाची दहा हजार घरं कुंभारीत २००६ ला झाली, आता रे नगर, तीस हजार घरांची योजना, त्यातली पंधरा हजार १९ जानेवारी २०२४ ला दिली. विडी कामगारांना, यंत्रमाग कामगारांना स्वतःचं पक्कं घर, ही फार मोठी गोष्ट आहे, कामगार पुढारी नरसय्या आडम मास्तरांनी आणि हजारो बायकांनी त्यासाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढलेत, मला त्याचा मनापासून आदर आहे. पण घर मिळालं म्हणून बाजार आपोआप मागं येत नाही. पूर्व भागात राहताना तुमच्या पायाच्या अंतरावर दहा दुकानं होती, मंगळवार पेठ होती, लक्ष्मी मार्केटात भाजी संध्याकाळी उतरत्या भावात मिळायची. दहा दुकानं असली की कुणी दोन रुपये वाढवू शकत नाही, दोनच असली की वाढतातच. शिवाय तिकडचा दुकानदार पण माल शहरातूनच आणतो, छोटा हत्ती करून, त्याचं भाडं किलोवर चढतंच की.

मॉलचा हिशोब आता. समजा जाऊन-येऊन सामानासकट रिक्षाला ८० रुपये लागतात आणि मॉलमध्ये तुमच्या दुकानापेक्षा शेकडा ८ रुपये वाचतात. हजाराचा माल आणलात तर वाचले ८० आणि गेले ८०, म्हणजे शून्य, वर अर्धा दिवस गेला, आणि तेवढ्या वेळात आईच्या किती विड्या झाल्या असत्या ते धरलं तर तोटाच. अडीच हजाराचा आणलात तर १२० वाचतात. म्हणजे एकदम मोठी खरेदी असेल तरच जा, आणि यादी लिहून जा, यादीबाहेरचं काही उचलू नका. तिथं साखर, रवा, मैदा, कपड्यांची पावडर, भांड्यांचा साबण चांगल्या भावात मिळतो. पण एकावर एक फ्रीच्या नादात लोक जे घरात कधीच लागत नव्हतं ते घेऊन येतात, वाचलेले शंभर तिथंच जातात, हे मी इतक्या घरांत बघितलंय.

आणि एक, मोठा पॅक म्हणजे स्वस्त असं डोक्यात ठेवू नका. शॅम्पूचं उलटं आहे, बऱ्याच कंपन्यांची एक-दोन रुपयांची पुडी मिलीच्या हिशोबात बाटलीपेक्षा स्वस्त पडते, तिथं बिनधास्त पुडीच घ्या. पाच रुपयांच्या बिस्किटात किंमत तीच राहते आणि ग्रॅम कमी-जास्त होतात, म्हणून किंमत नाही, वजन वाचा. पॅकबंद मालावर एका ग्रॅमला किंवा मिलीला किती पडले ते छापायचा नियम आहे, मोठा पॅक असेल तर किलोला किंवा लिटरला. एमआरपीच्या आसपास बारीक अक्षरात असतं. आईला वाचायला जमत नसेल तर तुम्ही दोन पॅक हातात घेऊन तो एकच आकडा बघा, दुसरं काही बघायची गरज नाही. डाळ, तांदूळ, पीठ यांचं आणखी एक आहे, १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबलवाल्या धान्य-डाळींवर ५ टक्के जीएसटी आहे, सुट्ट्या मालावर नाही. म्हणून बाजारात २६ किलोचे, ३० किलोचे तांदळाचे कट्टे दिसतात. सुटी डाळ चांगल्या दुकानातून, हातात घेऊन, वास बघून घेतली तर पॅकपेक्षा नक्की परवडते. तेल मात्र सुटं घेऊ नका. सुटं खाद्यतेल विकायला कायद्यानेच मनाई आहे आणि त्यात काय मिसळलंय ते तुम्हाला कधीच कळणार नाही, दहाचं तेल विकलेल्या माणसाचं हे सांगणं आहे, मी ते बंद केलं तेव्हा गिऱ्हाईक तुटलं पण बंद केलं.

रेशनचं बोलल्याशिवाय हे उत्तर पूर्ण होणार नाही, कारण मला अशी बरीच घरं भेटली जी तिकडं राहायला गेली आणि रेशनसाठी अजून जुन्या दुकानाला रिक्षा करून येतात. गरज नाही ताई. मशीनवर अंगठा लागतो, त्यामुळे कार्ड ऑनलाइन असेल तर कुठल्याही रेशन दुकानातून धान्य उचलता येतं, याला पोर्टेबिलिटी म्हणतात. प्राधान्य कार्डाला माणशी ५ किलो, अंत्योदयला घरटी ३५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून हे फुकट आहे, एक रुपयाही द्यायचा नाही. पावती मागून घ्या, पावतीवर किती किलो लिहिलंय आणि पिशवीत किती आहे ते बघा. दुकानदार "तुमचं कार्ड इथलं नाही" म्हणाला तर १९६७ ला फोन करा, नंबर टोल फ्री आहे. आणि घरातल्या प्रत्येकाची ई-केवायसी, म्हणजे आधारवरून मशीनवर ओळख पटवणं, करून घ्या, ज्याची राहिली त्याचे ५ किलो अडकतात. विड्या वळून, लूमवर काम करून अंगठ्याच्या रेषा झिजतात, मशीन घेत नाही, तर दुसरं बोट लावून बघा, नाही जमलं तर डोळ्याने किंवा चेहऱ्याने होते का ते विचारा, नुसतं परत येऊ नका.

रेशनचा तांदूळ दारावर येऊन विकत घेणारे असतात. मला माहितीय घरं का विकतात, तेलाला रोख पैसे हवे असतात. पण जितक्याला तुम्ही तो विकता त्याच्या दुप्पट-तिप्पट भावाने तुम्ही पुन्हा तांदूळ विकत घेता, वर ते बेकायदा आहे. भात खाणारं घर असेल तर तो तांदूळ घरातच संपवा, इडली-डोशाला भिजवा, आणि दुकानातला चांगला तांदूळ सणावारापुरता ठेवा. महिन्याच्या खर्चात फरक दिसेल.

आता बेगमी, म्हणजे हंगामात भरून ठेवणं. मॉलवाल्याला यात काही जमत नाही, आपल्या जिल्ह्याला जमतं. ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते, मंगळवेढ्याची मालदांडी तेव्हा बाजारात येते, त्या दोन महिन्यांत भाव आणि माल दोन्ही बरे असतात, पावसाळ्यात तीच ज्वारी महाग आणि जुनी मिळते. कडक उन्हात दोन दिवस वाळवायची, कोठीत कडुलिंबाचा वाळलेला पाला घालायचा, ओल लागू द्यायची नाही. तूरडाळ बार्शीकडच्या मिलची नवीन आली की घ्यायची, एरंडेलाचा हात फिरवून ठेवली की किडत नाही. मिरची आणि काळ्या तिखटाचा मसाला उन्हाळ्यातच. कांद्यात एक चूक लोक दरवर्षी करतात, हिवाळ्यात आपल्या मार्केट यार्डात लाल कांद्याच्या गाड्यांची रांग लागते, भाव पडतो, लोक पोतं उचलून आणतात आणि महिन्याभरात निम्मा सडतो. तो कांदा टिकणारा नाहीच, त्यात पाणी जास्त असतं. ठेवायचा तो उन्हाळी कांदा, एप्रिल-मेचा, साल घट्ट असलेला, जाळीवर पसरून हवा लागेल असा. घरकुलात जागा कमी आहे मान्य, पण खाटेखाली बांबूच्या तट्ट्यावर वीस किलो आरामात बसतो.

या सगळ्याला पुन्हा एकरकमी पैसाच लागतो, तो एकट्याकडं नाही, म्हणून गट. ही काही माझी कल्पना नाही. मुंबईत नायगावला गिरणी कामगारांनी १९४८ मध्ये सहकारी दुकान काढलं त्याचंच पुढे अपना बाजार झालं. १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायत शेजारपाजारच्या कुटुंबांचे गट करून, महिन्याची एकच यादी काढून, दुकानाशिवाय माल वाटते. कामगार वस्तीत, मध्यमवर्गात दोन्हीकडं चाललंय, मग आपल्याकडं का नको.

आमचा पहिला गट मात्र पाच महिन्यात मोडला. चूक माझीच होती, मी बावीस वस्तू घेतल्या, सगळ्यांच्या आवडीचा चहा, सगळ्यांच्या आवडीचा साबण, वाटप करता करता रात्रीचे अकरा वाजायचे, एकीला तिचा साबण मिळाला नाही म्हणून भांडण. आणि दोन घरांना "पुढच्या आठवड्यात द्या" म्हणून माल दिला, तो पुढचा आठवडा आलाच नाही, मग ज्यांनी आगाऊ पैसे दिले त्यांना वाटलं आपल्या पैशावर दुसरे खातात. त्या बायका एकमेकींशी बोलायच्या बंद झाल्या, त्याचं मला अजून वाईट वाटतं. तेव्हापासून आठच वस्तू. साखर, तूरडाळ, तेल, ज्वारी किंवा तांदूळ, शेंगदाणे, रवा, कपड्यांची पावडर, चहा, आणि चहा एकच, ठरवून. उधारी गटात अजिबात नाही, पैसे नसतील त्या महिन्यात ते घर नाही, पुढच्या महिन्यात परत, त्यात लाज नाही हे पहिल्या दिवशीच सगळ्यांसमोर बोलून टाकायचं.

बारा घरं पुरतात. घरटी अडीच हजार धरले तर तीस हजाराचा माल झाला. तीस हजार रोख घेऊन मंगळवार पेठेत होलसेलवाल्याकडं गेलात तर तो खुर्ची देतो, तीच बाई एक किलो डाळ मागायला गेली तर तो बघतही नाही. दोन दुकानांत भाव काढा, पक्कं बिल घ्या. टेम्पोला ६०० धरले तर घरटी ५० पडले. होलसेलला शेकडा १२ वाचले तरी घरटी ३००, भाडं वजा जाता अडीचशे हातात, एकट्यानं मॉलला जाऊन १२० वाचत होते त्याच्या दुप्पट, आणि बारातल्या दोघींनीच जायचं, बाकी दहाजणींचा दिवस बुडत नाही. अडीच हजार एकदम नसतील तर दर आठवड्याला सहाशे-सव्वासहाशे गटाच्या पेटीत टाका, चौथ्या आठवड्याला खरेदी. बचत गट आधीच असेल तर त्याच्या बचतीतून फिरवा. पण किराण्यासाठी मायक्रोफायनान्सचं कर्ज कुणी घेऊ नका, डाळीत वाचलेले सगळे व्याजात जातील आणि हप्त्याचा माणूस दारात येईल तो वेगळाच.

वाटपाचं. काटा स्वतःचा घ्या, इलेक्ट्रॉनिक, वैधमापनचा, म्हणजे वजन-काटे तपासणाऱ्या सरकारी खात्याचा शिक्का असलेला, शिक्का दरवर्षी करून घ्यायचा असतो. माल आला त्याच दिवशी सगळ्यांसमोर वाटा, उद्यावर ठेवला की संशय येतो. पन्नास किलोचं पोतं वाटताना शेवटी दोन-तीनशे ग्रॅम तूट येतेच, सांडतं, प्रत्येक वेळी काटा थोडा वर जातो, ती तूट बारा घरात वाटायची हे आधी ठरलेलं पाहिजे, नाहीतर शेवटची बाई कमी घेऊन जाते आणि पुढच्या महिन्यात येत नाही. तेलाचा १५ किलोचा डबा सगळ्यांसमोर फोडायचा, कॅन घरून धुऊन, पूर्ण कोरडा करून आणायचा, थेंबभर पाणी राहिलं तरी तेल खवट होतं. गटातल्या गटात वाटून घेताय तोवर ते विकणं नाही. बाहेरच्यांना विकायला लागलात की मात्र दुकान झालं, मग अन्नाची नोंदणी, सगळं रीतसर.

भाजीचं गटाने होत नाही, ती रोजची, तिला बाजारच लागतो. तुमच्या घरकुलात संध्याकाळचा भाजीबाजार नीट भरत नसेल तर आठवड्यातून दोन दिवस जागा ठरवून द्या म्हणून अर्ज करा. कुंभारी महापालिकेच्या हद्दीबाहेर आहे, त्यामुळे अर्ज ग्रामपंचायतीला, सह्या जेवढ्या जास्त तेवढ्या चांगल्या. वेळ संध्याकाळचीच मागा, बायका कारखान्यात विड्या देऊन परत येतात त्यानंतरची, सकाळचा बाजार त्यांच्या कामाचा नाही. आजूबाजूच्या गावचे शेतकरी येतील, त्यांनाही यार्डात जाऊन तोलाई-हमाली देण्यापेक्षा इथं हातात रोख मिळते. आणि बसचा अर्ज वेगळा, तो सोडू नका, कारण शेअर रिक्षा रात्री आठनंतर मिळत नाही आणि दवाखान्याला, बाजाराला दोन्हीला तीच अडचण येते.

शेवटी तुमच्या जवळच्या दुकानदाराचं, कारण त्याच्यावर तुमचा राग दिसला. त्याला सोडू नका. घरात माणूस आजारी पडलं, लूम आठ दिवस बंद राहिला, विडीचं पान आलं नाही, तेव्हा मॉल उधार देत नाही, होलसेलवाला तर नाहीच, वहीत नाव लिहून माल देणारा तोच असतो, आणि त्याच्या जास्तीच्या दोन रुपयांत बुडालेल्या उधाऱ्या पण असतात. आमचा दुसरा गट सात वर्षं चाललाय तो अशाच एका दुकानदारामुळे. बायकांनी त्याला सांगितलं, आठ वस्तूंचे पैसे आम्ही आगाऊ रोख देतो, तू तुझ्या मालाबरोबर आमचा आण, होलसेलचं बिल दाखव आणि किलोमागं दोन रुपये घे. त्याला भांडवल न घालता महिन्याचे पैसे सुटतात, बायकांना टेम्पो करावा लागत नाही, वाटप त्याच्याच ओट्यावर त्याच्याच काट्यावर होतं, आणि बाकीची किरकोळ खरेदी पण त्याच्याकडंच जाते म्हणून तो भाव सांभाळून असतो. तुमच्या दुकानदाराला आधी हे विचारून बघा, तो नाही म्हणाला तर टेम्पोचं बघू. आणि पहिल्या महिन्यात आठ पण नको, नुसती साखर, डाळ आणि तेल, पाच-सहा ओळखीची घरं. काय भाव पडला आणि तूट किती आली ते इथंच लिहा, मी बघून सांगतो कुठं जास्त गेलं.